दीड अंश कुणी मागितला?

मराठीत दीड या आकड्याला फारसा मान नाही. नको तिथे अक्कल पाजळणारा तो दीडशहाणा, आणि कवडीमोल ते दीडदमडीचं. हवामानबदलाच्या वाटाघाटींत मात्र गेली पंधरा-सोळा वर्षं सगळी ओढाताण याच आकड्यावरून चालू आहे. 1850 ते 1900 या काळात पृथ्वीचं जे सरासरी तापमान होतं, त्याहून वाढ दीड अंश सेल्सिअसच्या आत रोखायची. हे वाक्य बातम्यांत इतक्यांदा कानावर पडतं, की ही रेघ शास्त्रज्ञांनीच कधीतरी मोजूनमापून आखून दिली असणार, असं आपण धरून चालतो. तसं झालेलं नाही. दीड अंश आधी मागितला गेला, मोजला नंतर. आणि मागणारे होते बेटांवरचे लोक.

त्यांचं दुखणं समजायला बेट कशाचं बनलंय ते पाहावं लागतं. मालदीव, मार्शल बेटं, तुवालू ही कंकणद्वीपं आहेत. (इंग्रजीतला ‘अ‍ॅटॉल’ हा शब्दही मालदीवच्या दिवेही भाषेतूनच गेलेला.) समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी थंडावून हळूहळू खचत जातो आणि त्याच्या कडेची प्रवाळं उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर बुडतो आणि प्रवाळांचं कडं तेवढं उरतं. त्या कड्यावर लाटांनी आणून टाकलेला प्रवाळांचा चुरा म्हणजे तिथली जमीन. मार्शल बेटांची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर.

आता प्रवाळ हा नाजूक प्रकृतीचा जीव. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशातून अन्न करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून त्यातलं बरंचसं देऊन टाकतं. रंगही बव्हंशी त्या शैवालाचाच. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. म्हणजे कंकणद्वीपावरच्या माणसाला तापमानवाढ दोन बाजूंनी गाठते. समुद्र चढतो, आणि लाटा अडवणारा, जमिनीला नवा चुरा पुरवणारा बांधही मरतो.

पिण्याच्या पाण्याचं तर आणखीच अवघड. पावसाचं पाणी वाळूत मुरून खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते किंचित हलकं असतं. हा फरक अडीच टक्क्यांचाच, म्हणून हिशेब असा बसतो: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी. वरचा फूटभर आधार गेला की खालचे चाळीस गेले. कोकणात किनाऱ्यालगतची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते ती अशीच. पण कोकणातल्या माणसाला मागे डोंगर आहे.

एप्रिल 1987 मध्ये मोठ्या लाटांनी मालदीवची राजधानी माले जलमय केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हे गाऱ्हाणं मांडलं. 1990 मध्ये लहान बेटराष्ट्रांची आघाडी उभी राहिली. आज तिचे 39 सदस्य आहेत. जगाच्या उत्सर्जनात या सगळ्यांचा मिळून वाटा एक टक्काही नाही.

2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत मोठ्या देशांचं दोन अंशांवर जवळपास एकमत झालं होतं. बेटं म्हणत होती, दीड. शंभराहून अधिक देश त्यांच्या बाजूने होते, तरी शेवटचा मसुदा अमेरिका, चीन, भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी आपसांत जुळवला. हो, त्या खोलीत आपणही होतो. दीडचा उल्लेख राहिला, पण 2015 पर्यंत त्याचा विचार करू, एवढ्यापुरताच. लग्नाच्या बोलणीत ‘कळवतो’ म्हणतात, तसा.

ते ‘कळवतो’ बेटांनी सोडलं नाही. तज्ज्ञांशी दोन वर्षं रीतसर चर्चा झाली आणि 2015 मध्ये निष्कर्ष आला, की दोन अंशांची भिंत सुरक्षित मानता येत नाही. त्याच डिसेंबरात पॅरिसमध्ये मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रुम यांनी श्रीमंत-गरीब देशांची मोट बांधली. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने मार्शल बेटांतल्याच बिकिनीवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटाचा लखलखाट या माणसाने नऊ वर्षांचा असताना, आजोबांबरोबर मासे धरता धरता पाहिला होता. दुसऱ्यांच्या निर्णयांची किंमत आपलं बेट कसं मोजतं, हे त्याला कुणी समजावण्याची गरज नव्हती. 12 डिसेंबरला करार झाला: वाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीडपर्यंत रोखण्यासाठी झटायचं.

मग शास्त्रज्ञांची धावपळ सुरू झाली. बहुतेक अभ्यास दोन किंवा त्याहून जास्त अंशांचे. दीड आणि दोन यांत फरक काय, हे फारसं कुणी पाहिलेलंच नव्हतं. सहा हजारांवर संदर्भ धुंडाळून आंतरसरकारी हवामानबदल मंडळाचा अहवाल ऑक्टोबर 2018 मध्ये दक्षिण कोरियात इंचॉनला मंजूर झाला. दीड अंशाला उष्ण समुद्रातली 70 ते 90 टक्के प्रवाळं नष्ट होतील, दोनला 99 टक्क्यांहून जास्त. पाच वर्षांतून किमान एकदा भीषण उष्म्याची लाट सोसणारे लोक जगात 14 टक्के की 37, हे याच अर्ध्या अंशावर ठरणार. शतकाअखेर समुद्राच्या पातळीत दहा सेंटिमीटरचा फरक. अर्धा अंश क्षुल्लक वाटत असेल, तर एवढंच लक्षात घ्या, की गेल्या हिमयुगाच्या कडाक्यात आणि औद्योगिक काळाआधीच्या तापमानात सरासरी फरक पाच-सहा अंशांचाच होता.

डी ब्रुम यांनी हा अहवाल पाहिला नाही. ते ऑगस्ट 2017 मध्ये वारले.

2024 हे वर्ष जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने 1.55 अंश जास्त उष्ण ठरलं. एका वर्षावरून मर्यादा ओलांडली असं म्हणत नाहीत, त्यासाठी साधारण वीस वर्षांची सरासरी धरतात. प्रवाळं मात्र सरासरीची वाट पाहत नाहीत. 2023 पासूनच्या विरंजनाच्या, म्हणजे प्रवाळं पांढरी पडण्याच्या लाटेची झळ जगातल्या 84 टक्के प्रवाळक्षेत्राला लागली.

आणि बेटांवरून आणखी एक मागणी आली. 2019 मध्ये वानुआतूतल्या एका वर्गात कायद्याचे 27 विद्यार्थी हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा म्हणून कामाला लागले. 2023 मध्ये आमसभेने तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवला. 23 जुलै 2025 रोजी हेगहून न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं: हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि तापमानाचं मुख्य उद्दिष्ट म्हणजे दीड अंश.