ध्वनिमुद्रिकांच्या अंकीकरणातील खरखर-निवारण

तबकडीवरील ध्वनी संगणकात उतरवून घेताना धूळ, ओरखडे व झीज यांमुळे त्यात मिसळलेले उपरे आवाज कमी करण्याच्या प्रक्रियेस खरखर-निवारण म्हणतात. हे आवाज मुख्यतः तीन प्रकारचे असतात : क्षणिक टकटक, सलग खरखर आणि विजेच्या प्रवाहातून येणारी ५० हर्ट्‌झची घुमघुम. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीला एकदा वाजतो. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर त्याची टक दर १.८ सेकंदांनी, तर ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर पाऊण सेकंदाच्या किंचित नंतर ऐकू येते.

मराठवाड्यात या कामाची सुरुवात संगणकापाशी नव्हे, तर धुण्यापासून करावी लागते. काळ्या मातीची बारीक धूळ चरांत बसते आणि कोरड्या हवेत व्हिनाइलवर (प्लास्टिकच्या तबकडीवर) साचणारा स्थिर विद्युतभार ती आणखी ओढून घेतो. व्हिनाइल ऊर्ध्वपातित पाण्याने व सौम्य द्रावणाने धुता येते. लाखेच्या, म्हणजे बहुतेक ७८ फेऱ्यांच्या, तबकडीला मात्र स्पिरिट लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. सुईही वेगळी लागते : व्हिनाइलसाठी सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची, तर ७८ फेऱ्यांच्या रुंद चरासाठी सुमारे ७५ मायक्रॉनची. या जुन्या तबकड्या एकमार्गी (मोनो) असल्या तरी त्या स्टीरिओ पिकअपने (सुईची हालचाल विद्युतसंकेतात बदलणाऱ्या भागाने) वाजवून डावा व उजवा संकेत एकत्र केल्यास सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर बरीचशी आपोआप गळून पडते. टर्नटेबल व अ‍ॅम्प्लिफायर यांची अर्थिंगची जोडणी सदोष असल्यास घुमघुम येते, आणि ती मागाहून गाळण्यापेक्षा आधी जोडणी सुधारणे केव्हाही श्रेयस्कर ठरते.

ध्वनी ९६ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या मापाने (म्हणजे सेकंदाला ९६,००० नमुने घेऊन) उतरवल्यास टकटक अणकुचीदार दिसते व ओळखणे सोपे जाते. सॉफ्टवेअर अशी अचानक उसळी शोधून तेवढे नमुने टाकून देते आणि मागच्या-पुढच्या लहरींवरून मधली जागा भरून काढते. एका मिलिसेकंदाची टक या मापाने ९६ नमुन्यांची असते आणि एवढी दुरुस्ती कानाला सहसा कळत नाही. अडचण येते ती वाद्यांमुळे. हलगीचा कडक ठोका, भजनातील टाळांची खणखण किंवा तबल्याच्या चाटीवरचा (कडेच्या पट्टीवरचा) ‘ना’ यांची सुरुवातही तितकीच तीव्र असल्याने संवेदनशीलता वाढवली की यंत्र त्यांनाच दोष समजून बोथट करते. म्हणून पोवाडा, भारूड किंवा कव्वाली यांच्या मुद्रिकांवर स्वयंचलित पद्धत बेताने वापरून उरलेल्या टकटकी लहरचित्रात पाहून हाताने काढणे योग्य. काम वेळखाऊ आहे, पण त्याला खरा पर्याय नाही. काढलेला भाग वेगळा ऐकण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी; त्यात ठेका ऐकू आला तर छाननी जास्त झाली आहे.

सलग खरखर टकटकीनंतरच हाताळतात. गाणे सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या चराचा नमुना घेऊन तेवढी पातळी प्रत्येक कंप्रता-पट्ट्यातून वजा केली जाते. वजाबाकी जास्त झाल्यास पाण्याखालून आल्यासारखा किणकिणाट उरतो आणि तंबोऱ्याची आस (रेंगाळणारा नाद) नाहीशी होते. लाखेच्या तबकडीत खनिज भुकटी मिसळलेली असल्याने तिची थोडी खरखर अंगभूतच असते. ती पूर्णपणे काढण्याचा हट्ट धरू नये. झिजलेल्या पोलादी सुईने चर कोरला गेल्यामुळे फाटलेला आवाज यांपैकी कोणत्याही उपायाने सुधारत नाही, त्यामुळे तिथे त्याच मुद्रिकेची दुसरी, कमी वाजवलेली प्रत शोधावी लागते.