ठणका थांबला, पण दात बरा झाला नाही

बाई पाण्याची बाटली हातात घेऊनच ओपीडीत आल्या होत्या. थंड पाण्याचा घोट दाढेवर धरायचा, कोमट झाला की थुंकायचा, लगेच दुसरा घ्यायचा. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मी दाढ उघडून आतली नस काढली, औषध ठेवलं, वर तात्पुरतं सिमेंट भरलं आणि केसपेपरवर पुढच्या आठवड्याची तारीख घातली. त्या तारखेला बाई आल्या नाहीत.

दंतरुग्णालयात अशा रिकाम्या खुर्च्या रोज दिसतात, आणि 'लोकांना गांभीर्यच नाही' असं आम्ही डॉक्टर सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. दिवसाचा रोज बुडतो, एसटी चुकते, घरी लहान मूल असतं, ही कारणं खरीच आहेत. पण सगळ्यात मोठं कारण मला दाताच्या रचनेतच दिसतं.

आपण जिला 'नस' म्हणतो ती एक नस नसते. तो मऊ गर असतो, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला. बोटाला जखम झाली की बोट सुजतं, कारण कातडी ताणली जाते. दातातला हा गर मात्र चहूबाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेला असतो. रक्ताची ये-जा मुख्यतः मुळाच्या टोकाच्या भोकातून, आणि ते साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर रुंद. सूज आली तरी फुगायला जागाच नाही, म्हणून आतला दाब वाढतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो आणि ठणका रात्री जोर धरतो. गार पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात, दाब घटकाभर उतरतो. बाईंची बाटली त्यासाठीच होती.

पूर्वी असं मानत, की या दाबाने मुळाशीच रक्तवाहिन्या चिमटल्या जातात आणि सगळा गर एकदम मरतो. प्रत्यक्षात तो कप्प्याकप्प्याने मरतो. आत वेदना पोचवणारे मुख्यतः दोन प्रकारचे मज्जातंतू असतात. जाड आणि वेगवान ए-डेल्टा तंतू गार लागताच सणकन कळ देतात. प्राणवायू कमी पडला की आधी तेच गप्प होतात. बारीक, संथ सी-तंतू कमी प्राणवायूतही बराच काळ तग धरतात आणि तो खोल, कानापर्यंत जाणारा ठणका देत राहतात. शेवटी तेही मरतात. मग एका सकाळी माणूस उठतो तर दुखणं गायब! रुग्ण म्हणतो, 'दाढ बरी झाली.' खरं तर दाढेतली खबर देणारी यंत्रणाच मेलेली असते. जंतू तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून सावकाश हाडात उतरतात.

या टप्प्यावर मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दातातल्या जंतूंपर्यंत पोचत नाहीत. औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या गरात रक्तच जात नाही.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'दातातले किडे' काढणाऱ्यांचा धंदाही या शांततेवरच चालतो. ताटलीत पडलेले पांढरे 'किडे' हे त्या बियांतलेच अंकुर असतात. फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही दातात किडे सापडत नाहीत, हे १७२८ सालीच लिहून ठेवलं आहे. दुखणं आपोआप थांबण्याच्या सुमारास धुरी घेतली, की श्रेय धुरीला जातं आणि रुग्णालयाची तारीख हुकते.

आमच्या पहिल्या बैठकीनंतरही नेमकं हेच होतं. गर काढला की ठणका जातो, पण काम अर्धंच झालेलं असतं. मुळांत भरलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड तीव्र अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) १२.५ च्या आसपास, आणि त्यात जंतू मरतात. वरचं सिमेंट मात्र काही आठवड्यांचंच सोबती. ते झिजलं की लाळ आत झिरपते आणि जंतू पुन्हा घर करतात. पोकळ झालेली दाढ कॅपशिवाय सुपारी फोडतानाही दुभंगू शकते.

भीतीचा वाटाही आहेच. मानसशास्त्रज्ञ गेरी केंट यांनी १९८५ साली दाखवलं, की उपचारानंतर तीन महिन्यांनी घाबरट रुग्णांना आठवणारी वेदना ही प्रत्यक्ष झालेल्या वेदनेपेक्षा त्यांनी आधी धरून ठेवलेल्या धास्तीच्या जास्त जवळ असते. म्हणजे बैठक सुखाची झाली, तरी आठवण धास्तीचीच उरते. मोबाइलवर आठवणीचा मेसेज पाठवला की हजेरी वाढते. त्या मेसेजमध्ये 'दुखत नसलं तरी या' एवढे चार शब्द हवेतच, असं माझं ठाम मत आहे.

बाई सात महिन्यांनी आल्या, त्याही तोंडाला खारट चव येते म्हणून. दाढेखाली हिरडीवर मुगाएवढी पुळी होती. पुळीच्या तोंडातून मी गट्टापर्चाची (रबरासारखा पदार्थ, एक्स-रेत दिसतो) बारीक, लवचिक काडी अलगद आत सरकवली आणि एक्स-रे काढला. काडी वळत वळत थेट मुळाच्या टोकाशी पोचली होती, आणि तिथे हाडात हरभऱ्याएवढी काळी सावली होती. "पण दुखत तर नव्हतं हो डॉक्टर," बाई म्हणाल्या. मी त्यांना केसपेपरच्या मागे दाताचं चित्र काढून वर सांगितलं ते सगळं सांगितलं, सी-तंतूंसकट.

दोन बैठकांत पुळी बसली. कॅप अजून बाकी आहे, तारीख येत्या मंगळवारची.