वनस्पतींतील रंगद्रव्ये व कर्करोगप्रतिबंध

पाने, फुले, फळे व मुळे यांना रंग देणारी नैसर्गिक संयुगे. पानांतील हरितद्रव्य, गाजर व लाल भोपळ्यातील नारिंगी कॅरोटिनॉइडे, जांभूळ-कोकमातील अँथोसायनिने हे त्यांचे ठळक गट होत. बीटाचा लाल रंग मात्र बीटालेन या वेगळ्याच गटाचा. प्रयोगशाळेत यांतील अनेक द्रव्ये मुक्त मूलकांना (पेशींना इजा करणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंना) निष्प्रभ करतात व कर्करोगी पेशींची वाढ रोखतात. माणसात तसेच घडते का, हे तपासताना निकाल कधी कधी उलटे लागले आहेत.

याचे गाजलेले उदाहरण बीटा-कॅरोटीन या गाजरातील कॅरोटिनॉइडाचे. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो व त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असते. त्यावरून ते गोळीवाटे देण्याची कल्पना निघाली. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपानी पुरुषांची चाचणी झाली. त्यांतील निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले गेले. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा या निम्म्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेत धूम्रपानी व ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या कामगारांवर चाललेली ‘कॅरेट’ चाचणीही अशाच कारणाने जानेवारी १९९६ मध्ये मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. तेथे बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले जात होते. धुराने ग्रासलेल्या फुप्फुसात मोठ्या मात्रेतील बीटा-कॅरोटीनचे विघटन होऊन अपायकारक घटक तयार होत असावेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दोष गाजराचा नव्हे. भाजीत हे द्रव्य तंतू व इतर शेकडो घटकांसह येते.

हरितद्रव्यापासून बनवलेल्या क्लोरोफिलिनचा अनुभव अधिक आशादायक आहे. बुरशी लागलेल्या धान्यातून पोटात जाणारे अफ्लाटॉक्सिन यकृताचा कर्करोग घडवते. चीनमधील छीदोंग येथे १८० प्रौढांवरील चाचणीत जेवणासोबत क्लोरोफिलिन घेणाऱ्यांच्या लघवीत या विषाने डीएनएला केलेल्या इजेची खूण ५५ टक्क्यांनी कमी आढळली. अर्थात, मोजली गेली ती खूण, कर्करोग नव्हे.

हळदीतील पिवळे रंगद्रव्य कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि शोषलेलेही यकृत झपाट्याने बदलून टाकते. मिरीतील पायपरीन हे शोषण वाढवते, म्हणून बाजारातील अनेक कॅप्सुलांत दोन्ही एकत्र असतात. अशा कॅप्सुलांनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीला ही भीती लागू नाही.