'एमबी'तला बी लहान की मोठा?

नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या फोटो स्टुडिओच्या कपाटातून वीस वर्षांपूर्वीची 80 जीबीची आयडीई (जुन्या चपट्या केबलने जोडली जाणारी) हार्ड डिस्क निघते. तिच्यातले लग्नांचे फोटो क्लाउडवर चढवायचे असतात. डिस्कवर छापलेलं असतं 'अल्ट्रा एटीए 100', दुकानातलं फायबर कनेक्शनही 100 'एमबी'चं. मग 80,000 भागिले 100, म्हणजे 800 सेकंद, सव्वातेरा मिनिटांत काम होईल असा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात जवळजवळ दोन तास लागतात.

यात थोडा दोष आपल्या लिपीचाही आहे. रोमन लिपीत लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट, अर्थात आठ बिट. देवनागरीत दोन्ही 'एमबी'च होतात आणि आठपटीचा फरक कागदावरून गायब होतो.

डिस्कचा आकडा बाइटमध्ये का, ते केबलकडे पाहिलं की कळतं. आयडीईच्या चपट्या पट्टीत डेटाच्या 16 तारा शेजारीशेजारी धावतात, म्हणजे एका ठोक्यात 2 बाइट जातात. अल्ट्रा एटीए 100 मध्ये हा ठोका दर 20 नॅनोसेकंदांनी पडतो, म्हणून सेकंदाला 100 मेगाबाइट. फायबरमध्ये मात्र प्रकाशाची एकच ओळ असते, एकामागे एक बिट. तिथला 100 हा बिटांचा. त्याला आठाने भागा, 12.5 मेगाबाइट उरतात.

पण दरवेळी आठानेच भागायचं, असंही नाही. आयडीईनंतर आलेल्या साटा डिस्कवरचे 1.5 गिगाबिट हे तारेवरून जाणारे एकूण बिट आहेत. तिथे प्रत्येक 8 बिटांसाठी 10 पाठवले जातात, त्यामुळे भागायचं दहाने आणि उत्तर 150 मेगाबाइट. गिगाबिट इथरनेटच्या फायबरवरही हीच पद्धत आहे, पण तिथे तारेवर 1.25 गिगाबिट धावत असतात आणि पाटीवर 1 लिहितात. म्हणजे कटती आधीच झालेली, भागायचं आठानेच. यापुढची गळती डेटा ज्या पाकिटांतून जातो, त्यांवरच्या पत्त्यांची. नेहमीच्या इथरनेटवर दर 1538 बाइटच्या जागेत तुमचा माल 1460 बाइट. म्हणून 12.5 चे 11.9 होतात आणि 80 जीबीला 1 तास 52 मिनिटं लागतात, तीही अपलोडचा वेग खरोखर 100 असेल तर. प्लॅनच्या जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेगळा विचारून घ्या.

आता दुसरी बाजू. 'अल्ट्रा एटीए 100' ही केबलची कमाल मर्यादा झाली. डिस्कचा खरा वेग ठरतो आत फिरणाऱ्या तबकडीवर. त्या काळातली मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क बाहेरच्या कडेला साधारण 50 ते 60 मेगाबाइट देते, आतल्या कडेला जवळपास निम्मे. त्यात बर्डीच्या बाजारात मिळणारा आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर यूएसबी 2 चा असेल, तर कागदावरच्या 60 पैकी 30 ते 35 हाती येतात. 30 मेगाबाइट म्हणजे 240 मेगाबिट. तेव्हा 100 च्या प्लॅनवर अडतं फायबरमध्ये, गिगाबिट प्लॅनवर अडतं डिस्कमध्ये. केवळ या कामासाठी गिगाबिटचे पैसे भरू नका.

अडॅप्टर लावताना डिस्कच्या मागचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) 'मास्टर', म्हणजे मुख्य डिस्कच्या, जागी ठेवा. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टही लागतात आणि यूएसबीतून मिळतात फक्त 5, म्हणून चार पिनांची वेगळी पॉवर जोडावीच लागते. ती कमजोर असेल तर डिस्क टक-टक वाजत राहते आणि चांगली डिस्क मेली समजून लोक फेकून देतात. आधी पॉवर बदलून पाहा.

जुन्या पीसीतूनच कॉपी करत असाल तर केबल 80 तारांची हवी: निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टर डिस्कला. 40 तारांच्या केबलवर वेग 33 वर अडतो. विंडोज एक्सपीची एक खोड आणखी वाईट. डिस्क वाचताना काही चुका साठल्या की ते स्वतःहून डीएमए (डेटा थेट मेमरीत नेणारी पद्धत) सोडून पीआयओ (प्रोसेसरकरवी डेटा नेणाऱ्या संथ) मोडवर उतरतं आणि वेग पार रसातळाला जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून पीसी रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा पूर्वपदावर येतं.

बारीक फाइल्स हे वेगळंच दुखणं. दर फाइलला डिस्कचं डोकं हलायला सुमारे 9 आणि तबकडी फिरून यायला सरासरी 4 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला 75 च्या आसपास फाइल्स. त्या 40 केबीच्या असतील तर वेग 3 मेगाबाइट, मग फायबर कितीही जाड घ्या. म्हणून अशी डिस्क आधी डीडीरेस्क्यू या डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रामने सलग इमेज (हुबेहूब नक्कल) करून नव्या एसएसडीवर उतरवावी आणि अपलोड तिथून करावं. डोकं एका दिशेने चालतं, थकलेल्या डिस्कवर ताणही कमी पडतो.

गिगाबिट प्लॅन असूनही लिंक 100 च दाखवत असेल तर लॅन केबल तपासा. गिगाबिटला तिच्यातल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. क्रिम्पिंगमध्ये (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) एक तार सुटली की जोडणी अनेकदा मुकाट्याने 100 वर येते, इंटरनेट चालूच असतं आणि कुणाला शंका येत नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 गाठतो आणि अनेक जुन्या डिस्कची मर्यादा 55 ते 60 अंशांची. इमेज रात्री लावा, डिस्क उघड्यावर टेबल फॅनसमोर ठेवा. पूर्ण झाल्यावर विंडोज 80 ऐवजी 74.5 जीबी दाखवेल. काही हरवलेलं नसतं, कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या.