तात्पुरती कॅप आणि तात्पुरता ब्रिज

दात घासून कमी केल्यापासून पक्की कॅप बसेपर्यंत त्या दातावर राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणाला तात्पुरती कॅप म्हणतात. दवाखान्यात तिचे नाव सरसकट 'टेंपररी'. अनेक दात एकत्र जोडले असतील तर तो तात्पुरता ब्रिज. हाडात बसवलेल्या इम्प्लांटवरही (कृत्रिम मुळावरही) टेंपररी करतात, पण तिचे नियम बरेच वेगळे आहेत. साध्या कॅपच्या कामात ती एक ते तीन आठवडे तोंडात राहते. हिरडीची शस्त्रक्रिया, इम्प्लांट किंवा पूर्ण तोंडाचे काम असेल तर काही महिने.

घासलेल्या दाताचे एनॅमल गेलेले असते आणि त्याखालच्या डेंटिन या थरातल्या सूक्ष्म नलिका उघड्या पडलेल्या असतात. दात जिवंत असेल तर गार पाण्यानेही कळ जाते. शिवाय दात मोकळ्या जागेकडे सरकतात: शेजारचा कलतो, विरुद्ध जबड्यातला खाली किंवा वर येतो. मग लॅबमधून आलेली कॅप बसत नाही किंवा चावताना उंच लागते. समोरच्या दातांत टेंपररी ही पक्क्या कामाची रंगीत तालीमच असते. दातांची लांबी ओठाला शोभते का, 'फ' आणि 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला नीट टेकते का, 'स' म्हणताना हवा सुटते का, हे सगळे इथेच तपासून घ्यायचे असते. पोर्सेलीन किंवा झिर्कोनिया तयार झाल्यावर बदल करणे महागात पडते.

साहित्य

सर्वांत जुना आणि स्वस्त पर्याय म्हणजे पावडर-लिक्विडचे सेल्फ-क्युअर (आपोआप घट्ट होणारे) अ‍ॅक्रिलिक. भारतातल्या दंत महाविद्यालयांत मुंबईच्या डीपीआय कंपनीची दाताच्या रंगाची पावडर सर्रास वापरली जाते. हे अ‍ॅक्रिलिक मजबूत असते, त्याला चांगली चकाकी येते आणि नवा थर जुन्याला पक्का धरतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी. दोष तीन: घट्ट होताना ते तापते, आकसते आणि त्यातले मोनोमर (लिक्विडमधला घटक) हिरडीला व दाताच्या मगजाला, म्हणजे आतल्या नस-रक्तवाहिन्यांच्या मऊ भागाला, झोंबते. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात मगजाचे तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांचा मगज सावरला नाही. म्हणूनच अ‍ॅक्रिलिक दातावर पूर्ण घट्ट होऊ देत नाहीत. रबरासारखे झाले की काढ-घाल करत राहायचे आणि पाण्याचा फवारा चालू ठेवायचा. मिश्रण जितके जास्त तितकी उष्णता जास्त, म्हणून दाढेच्या ब्रिजला ही काळजी दुप्पट घ्यावी.

बिस-अ‍ॅक्रिल हे दुसरे साहित्य कार्ट्रिजमध्ये (जोडनळीत) येते. बेस आणि तो घट्ट करणारा कॅटॅलिस्ट १०:१ प्रमाणात गनमधून निघून टिपमध्ये आपोआप मिसळतात. ते कमी तापते, कमी आकसते आणि कडेला चांगले बसते. मात्र पातळ जागी ठिसूळ असते आणि किंमत जास्त. तयार मिळणारी पॉलीकार्बोनेटची कवचे समोरच्या दातांना व उपदाढांना, तर अ‍ॅल्युमिनियम किंवा स्टीलची दाढांना चालतात. आतून अ‍ॅक्रिलिक भरून ती दाताला बेतावी लागतात. लांब ब्रिज महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर कारखान्यात घट्ट केलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या चकतीतून संगणकाने कोरून घेतलेला सर्वांत टिकाऊ.

खुर्चीवर करण्याची पद्धत

दात घासण्यापूर्वीच पुट्टीचे (कणकेसारख्या रबरी पदार्थाचे) माप, म्हणजे दातांचा साचा, घेतात. दात मोडका असेल तर तोंडात किंवा मॉडेलवर मेणाने पूर्ण करून मगच. पुट्टी घट्ट झाल्यावर दातांच्या फटींत शिरलेले पातळ पडदे ब्लेडने कापून टाकावेत, नाहीतर माप परत बसताना अडते आणि टेंपररी उंच येते.

दात घासून झाला की त्यावर व्हॅसलिनचा अगदी पातळ थर. दातात ताजे कंपोझिट (दाताच्या रंगाचे फिलिंग) भरलेले असेल तर ही पायरी चुकवू नये, कारण बिस-अ‍ॅक्रिल त्याला चिकटून बसते. टिपमधून पहिला थेंब बाहेर टाकून द्यावा. त्यात दोन्ही घटकांचे प्रमाण बिघडलेले असते. मग टिपचे टोक मापाच्या तळाशी, म्हणजे चावण्याच्या पृष्ठभागाच्या जागी टेकवून, मसाल्यात बुडवलेलेच ठेवून भरत वर यावे. टोक बाहेर काढले की हवेचा बुडबुडा अडकतो आणि नेमका दाताच्या कोपऱ्यावर खड्डा पडतो.

माप दातावर बसवल्यावर खरी परीक्षा वेळेची. बहुतेक बिस-अ‍ॅक्रिल मिश्रण सुरू केल्यापासून दीड ते अडीच मिनिटांत रबरासारखे होते. तेवढ्यातच काढायचे. लवकर काढले तर ताणून वाकडे होते. उशीर झाला तर शेजारच्या दातांखालच्या खाचेत अडकते आणि कापूनच काढावे लागते. बाहेर सांडलेला मसाला बोटाने दाबून पाहत राहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. पूर्ण घट्ट झाल्यावर हवेमुळे पृष्ठभागावर राहिलेला चिकट थर स्पिरिटने पुसतात.

नंतर टेंपररीची हिरडीजवळची कड पेन्सिलने आखून बाहेरच्या बाजूने रेषेपर्यंत घासतात. सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथेच द्यावा. कड लांब राहिली तर हिरडी दाबली जाते, सुजते आणि पक्की कॅप चिकटवायच्या दिवशी रक्त येत राहते. आखूड राहिली तर उघड्या डेंटिनला कळा लागतात आणि हिरडी त्या फटीत वाढते. आखूड कड फ्लोएबल (पातळ, वाहते) कंपोझिट भरून सुधारता येते. चावण्याच्या बाजूला किमान दीड मिलिमीटर जाडी हवी. कॅलिपरने मोजावी, कारण त्याहून पातळ दाढेची टेंपररी हमखास तडकते. शेवटी चावण्याच्या कागदाने उंच ठिपके काढून प्युमिसने चकाकी द्यावी. खरखरीत टेंपररीवर हळद आणि चहाचे डाग लवकर चढतात.

चिकटवताना झिंक ऑक्साइडचे तात्पुरते सिमेंट फक्त कडेजवळ पातळ लावायचे. पक्की कॅप रेझिन सिमेंटने बसवायची असेल तर युजेनॉल नसलेलेच घ्यावे, कारण लवंगेच्या तेलातला हा घटक रेझिनला घट्ट होऊ देत नाही. सिमेंटचे तुकडे दोन दातांमधून गाठ मारलेल्या फ्लॉसने (दातांत फिरवायच्या दोऱ्याने) काढावेत.

रुग्णाने चिक्की, तिळगूळ, सुपारी, ऊस त्या बाजूने टाळावे. फ्लॉस वर न ओढता बाजूने सरकवून काढावा. टेंपररी निघाली तर जपून ठेवावी व एक-दोन दिवसांत दवाखान्यात यावे. घरातला झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. वारंवार निघत असेल तर दोष बहुधा सिमेंटचा नसतो: चावताना उंच लागते आहे किंवा दात फार आखूड वा निमुळता घासला गेला आहे.

इम्प्लांटवरील टेंपररी

स्वीडनचे इम्प्लांट-संशोधक ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत इम्प्लांट हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात सुमारे ३ महिने, वरच्या जबड्यात ६ महिने थांबत. आता समोरचा दात काढला त्याच दिवशीही टेंपररी देतात, पण इम्प्लांट बसवताना साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क (पिळून घट्ट बसवतानाचा जोर) मिळाला तरच. इम्प्लांट १०० ते १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलला तर त्याभोवती हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होते. म्हणून एका दाताची अशी टेंपररी चावताना, जबडा पुढे नेताना किंवा बाजूला सरकवतानाही विरुद्ध जबड्यातल्या दाताला लागू देत नाहीत. टॉर्क मिळाला नाही तर काढता-घालता येणारा दात किंवा शेजारच्या दातांना चिकटवलेला ब्रिज द्यावा. काढता-घालता येणारा दात खालच्या जखमेवर दाब देणार नाही हे पाहावे.

इम्प्लांटची टेंपररी शक्यतो स्क्रूची असावी. हिरडीखाली राहिलेले सिमेंट दिसत नाही आणि त्यातून हाड झिजते. टायटॅनियमचा तात्पुरता सिलिंडर बसवून एक्स-रेने तपासतात, उंची आखून तोंडाबाहेर कापतात, स्क्रूच्या भोकात टेफ्लॉनची टेप भरतात, आणि जखमेवर रबर डॅमचा (पातळ रबरी पडद्याचा) तुकडा घालून भोक पाडलेला तात्पुरता दात सिलिंडरला जोडतात. हिरडीखालचा भाग तोंडात भरायचा नाही. स्क्रू सोडवून टेंपररी अ‍ॅनालॉगवर (इम्प्लांटच्या प्रतिकृतीवर) घ्यावी आणि फ्लोएबलने भरून गुळगुळीत करावी. हा भाग अंतर्वक्र ठेवला तर हिरडीला जाड व्हायला जागा मिळते. बसवताना हिरडी पांढरी पडली तर १० ते १५ मिनिटांत रंग परतला पाहिजे. नाही परतला तर आकार कमी करावा.

चार-सहा आठवड्यांत हिरडी या आकाराभोवती स्थिरावते. तो आकार लॅबपर्यंत पोहोचवायला साधा कोपिंग (माप घेताना इम्प्लांटवर बसवायचा तुकडा) उपयोगाचा नाही, कारण टेंपररी काढताच हिरडी काही मिनिटांत आत कोसळते. त्यासाठी टेंपररी अ‍ॅनालॉगला लावून पुट्टीत मानेपर्यंत बुडवावी, घट्ट झाल्यावर काढावी आणि त्याच जागी मापाचा कोपिंग बसवून भोवतीची पोकळी पॅटर्न रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकने) भरावी. टेंपररी काढण्याआधी तिची समोरची बाजू कोणती याची खूण करून ठेवावी; खूण नसेल तर कोपिंग उलटा बसतो आणि लॅबला हिरडीचा चुकीचा आकार जातो.