पाण्याच्या रेणूची कड कुठे?

संगणकावर रेणूचं गणित केलं की निघणारी, पाण्याच्या एका रेणूची ‘क्यूब फाइल’ उघडली तर आत चित्र नसतं, नुसते आकडे. वर दोन ओळी शेऱ्याच्या, मग अणू किती आणि रेणूभोवतीच्या जागेवर टाकलेल्या जाळीची घरं केवढी याचा तपशील. पुढे एकेका ओळीत सहा-सहा आकडे. जाळी ८० × ८० × ८० ची असेल तर ५,१२,०००. त्या-त्या जागी इलेक्ट्रॉन किती दाट आहेत, एवढंच प्रत्येक आकडा सांगतो.

यातला एक आडवा काप मी पहिल्यांदा ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढला तेव्हा सगळा चौकोन काळा आणि मधोमध पिवळा ठिपका. हायड्रोजन गायब! फाइल ठीकच होती. ऑक्सिजनच्या केंद्रकावर घनता सुमारे ३०० असते, म्हणजे एका घन बोरला ३०० इलेक्ट्रॉन (बोर हे अणूंच्या जगातलं लांबीचं एकक, ०.५२९ अँगस्ट्रॉम; कंटाळा नव्हे), आणि रेणूच्या बाहेरच्या अंगाला ०.००१. तीन लाख पटींचा फरक! रंग सरळ मापाने वाटले की तो ठिपकाच सगळे खाऊन टाकतो. ‘सेट लॉगस्केल सीबी’, म्हणजे रंग दहापटींच्या पायऱ्यांनी वाट, ही एक ओळ घातली आणि दोन्ही हायड्रोजन उगवले.

त्रिमितीय चित्रातल्या गुळगुळीत फुग्याची गोष्ट आणखी मजेची. नकाशावर ६०० मीटरची समोच्च रेषा काढतात, तसंच हे पृष्ठ: ठरावीक घनतेचे सगळे बिंदू जोडायचे. त्यासाठीची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही रीत १९८७ ची, मुळात सीटी स्कॅनसारख्या वैद्यकीय प्रतिमांसाठी शोधलेली. पण घनता कोणती धरायची? रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड बेडर यांच्यामुळे ०.००१ हा आकडा रूढ झाला. त्याच्या आत जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन येतात. आकडा वाढवत न्या, फुगा आकसत जातो आणि शेवटी ऑक्सिजनभोवतीचा गोळा तेवढा उरतो. इलेक्ट्रॉनांच्या ढगाला मुळात कड नाहीच, ती आपण आखतो. म्हणून आकडा न छापलेलं चित्र मला अर्धवट वाटतं.

या फुग्यावर बरेचदा विद्युत विभवाचे, म्हणजे धनभाराला कुठे ओढ आणि कुठे ढकल याचे, रंग चढवतात. त्या विभवावर पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने बरंच काम केलं, आणि ‘युनिव्हिस-२०००’ हे चित्रणाचं सॉफ्टवेअरही तिथलंच.

चित्राआधी मी हल्ली एक बेरीज करतो: सगळे आकडे मिळवून एका घराच्या घनफळाने गुणायचे. पाण्यात १० इलेक्ट्रॉन, तेव्हा उत्तर १० च्या आसपास हवं. एकदा आलं १.४८. घराची लांबी मी अँगस्ट्रॉममध्ये बदलून घेतली होती, फाइलमधली घनता मात्र घन बोरला होती.