दूरचित्रवाणी प्रक्षेपकाचा हौशी रेडिओसाठी पुनर्वापर

बंद पडलेल्या दूरचित्रवाणी केंद्रातील प्रक्षेपक किंवा त्याचे सुटे भाग हौशी रेडिओच्या (हॅम, म्हणजे छंद म्हणून परवान्याने चालणारा रेडिओसंपर्क) पट्ट्यांवर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या वारंवारतांवर, चालवण्याची प्रथा. भारतात १९८४ च्या सुमारास लहान शहरांत कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. प्रसार भारतीने २०२१-२२ मध्ये बहुतेक ॲनलॉग प्रक्षेपक बंद केले.

प्रथेचा आरंभ दोन प्रकारे मांडता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशींनी एससीआर-५२२ सारखे शिलकी लष्करी संच १४४ मेगाहर्ट्झवर वापरले. तेथून ही परंपरा मोजावी, हे एक मत. दुसरे मत अमेरिकेतील २००९ च्या डिजिटल स्थित्यंतरापासून ती धरते. शिलकी यंत्रावर हात चालवण्याची वृत्ती जुनीच. मात्र दूरचित्रवाणी साहित्यापुरते दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण ॲनलॉग केंद्रे एकदम बंद झाल्याने असे साहित्य मोठ्या प्रमाणात मोकळे झाले.

कोणता प्रक्षेपक कामाचा, हे त्याच्या मूळ पट्ट्यावर ठरते. पहिला पट्टा (४७–६८ मेगाहर्ट्झ) हौशींच्या ५० मेगाहर्ट्झला सामावून घेतो, म्हणून तेथे फेरफार थोडे. तिसरा पट्टा (१७४–२३०) १४४–१४६ वर उतरवावा लागतो. वर्धकातील वारंवारता जुळवणाऱ्या धातूच्या पट्टीची लांबी तरंगलांबीवर ठरते: २०० मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी हवेत साडेसदतीस सेंटिमीटर, १४५ ची सुमारे बावन्न. शक्तिवर्धकाच्या पेटीत एवढी जागा नसते, म्हणून पट्टी न लांबवता धारिता (कपॅसिटन्स) वाढवतात. तीच पट्टी राखायची तर धारिता जवळजवळ १.९ पट लागते. चांदीचा मुलामा दिलेल्या पट्टीवर ट्रिमर (धारिता बदलणारा छोटा कपॅसिटर) अर्धा फेरा फिरवला तरी मीटरचा काटा हलतो. घाईने हे काम होत नाही. पुढे लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारी गाळणी) हवाच, नाहीतर दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुप्पट लहर) २९० मेगाहर्ट्झच्या आसपास बाहेर पडतो.

यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या शक्तीच्या आकड्यावर विसंबू नये. चित्रप्रक्षेपकाची शक्ती सिंक-शिखरावर, म्हणजे चित्राच्या ओळी जुळवणाऱ्या क्षणिक स्पंदाच्या वेळी, मोजलेली असते. पूर्ण काळ्या चित्रालाही सरासरी सुमारे ६० टक्केच भरते. १०० वॉटचा वर्धक एफएमवर सलग १०० वॉट देईल, असे धरले की ट्रान्झिस्टर जळतो. एसएसबीला (आवाज पाठवण्याची एक-बाजूपट्टी पद्धत) मात्र तो उत्तम, कारण चित्रासाठी तो मुळातच रेषीय, म्हणजे संकेताचा आकार न बिघडवता वाढवणारा, बांधलेला असतो. चित्र पाठवण्याची हौस भारतात येथे अडते: हौशींचा ४३४–४३८ हा पट्टा चार मेगाहर्ट्झचा, आणि यूएचएफवरील (३०० मेगाहर्ट्झच्या वरील) ॲनलॉग वाहिनी आठची.

डोंगराळ भागात शक्तीपेक्षा उंची महत्त्वाची. उदाहरणार्थ, नाशिकच्या पश्चिमेस अंजनेरी-त्र्यंबकची रांग आडवी आहे. व्हीएचएफ (३०–३०० मेगाहर्ट्झ) लहरी बहुतांशी दृष्टिरेषेत जातात. डोंगरामागे पोचण्यासाठी शक्ती दुप्पट केल्यास लाभ तीन डेसिबलचाच. त्यामुळे येथे वर्धकापेक्षा बंद केंद्राची जाड, कमी हानीची केबल आणि अँटेनाचा उंच मास्ट अधिक मोलाची. तांब्यासाठी ती केबल कापून टाकली जाणे ही मोठी हानी होय.

जुन्या उच्चशक्ती ट्रान्झिस्टरांतील पांढरे सिरॅमिक बेरिलियम ऑक्साइडचे असू शकते. त्याची भुकटी फुफ्फुसांना घातक असल्याने ते फोडू वा घासू नये. निर्वात नळीच्या वर्धकात यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरवर घातक विद्युतदाब टिकू शकतो. हात घालण्यापूर्वी अर्थिंगची काठी लावावी. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभागाचा हौशी परवाना लागतो, आणि परवान्यातील शक्तिमर्यादा यंत्राच्या क्षमतेहून बरीच खाली असू शकते.